कोसमगडच्या राणीचा वाकडा हात

कोसमटोल्याच्या मंडईत लोकांनी नाटकाकडे पाठ फिरवली, हे वडशाच्या बाजारात सांगितलं असतं तर कोणी खरं मानलं नसतं. धान कापून झालं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, नाटक होतं, आणि त्या नाटकासाठी माणसं लेकराबाळांसकट बैलबंड्या जुंपून येतात. पण गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तीनेक वर्षं झाली होती त्या हिवाळ्यात नाटकवाल्यांची तिकीटखिडकी ओस होती आणि हरिदास फोटोवाल्याच्या मेजाभोवती मुंगीला वाट मिळत नव्हती.

मेजावर काळं कापड आणि कापडावर पाच फोटो. फोटो तसे साधेच होते. गावाबाहेर कोसमगड नावाचा जुना पडका किल्ला आहे, त्यातल्या महालाच्या दारापुढे कुठे नवरा-बायको, कुठे दोघं भाऊ काठी गिळल्यासारखे ताठ उभे होते. पण त्यांच्या मागे, महालाच्या काळ्याकुट्ट दारात, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उभी होती. तिच्या अंगातून दाराची चौकट आरपार दिसत होती. तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग होता आणि छातीशी तिने एक पेटी धरली होती.

“आत्मा हाय हा, आत्मा,” हरिदास सांगत होता. “माणसाचा डोळा धोका खाते, क्यामेऱ्याची काच धोका नाई खात. राणीसाहेबाची मर्जी असंल तं येते, नसंल तं नाई येत. मी कोन बलावनारा? मी तं बटन दाबनारा.”

राणीसाहेबांची मर्जी मोठी चोखंदळ होती. पासपोर्ट साइज काढणाऱ्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. मोठ्या साइजचा, चौकटीत बसवलेला फोटो सांगितला की मात्र बहुधा हजर. ही गोष्ट सगळ्या गावाला दिसत होती आणि कोणालाच खटकत नव्हती.

राणीला इतिहास दिला तो वामनराव गुरुजींनी. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवायचे, पण त्या हिवाळ्यात त्यांना इतिहासाचा उमाळा आला होता. गड पडला तेव्हा राणी दागिन्यांची पेटी घेऊन महालातच राहिली, जळून मेली, पण पेटी सोडली नाही, असं ते छडीने फोटोवर टिचक्या मारत सांगत. गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याने ही कथा आधी ऐकली नव्हती. आठ दिवसांत मात्र प्रत्येक म्हाताऱ्याला ती आजोबांनी सांगितल्याचं आठवू लागलं.

या सगळ्या गर्दीपासून लांब, बांगड्यांच्या दुकानाशी शकुबाई रामटेके उभी होती. शकुबाई गावची दाई. चाळिशीला टेकलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही; पण कोसमटोल्यातलं पाच-दहा वर्षांचं कोणतंही पोर पहिल्यांदा रडलं ते तिच्या हातात. छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा झाली तेव्हा ती बापाच्या खांद्यावर बसून गेली होती आणि त्याच्यामागून तिने श्राद्ध-पिंड न मानण्याची शपथ घेतली होती; भुतंखेतं तिच्या लेखी त्यातच गेली. इतर मुलांना त्या दिवसाचं काय आठवायचं कोण जाणे, तिला शपथ आठवायची. म्हणून ती मेजाकडे फिरकली नव्हती.

तिला तिकडे ओढून नेलं ते म्हाताऱ्या केसरबाईने. “चाल वो शकू, पाह्य तरी. पाह्यल्यानं का बाटतेस का?”

केसरबाईची नजर अधू, त्यामुळे तिने फोटो नाकाला लावूनच पाहिला. तिला ना दागिन्यांची पेटी दिसली, ना राणीपण. तिला दिसला हात. पेटी धरलेला राणीचा एक हात कोपराशी विचित्र वाकलेला होता.

“बाई वो,” केसरबाई म्हणाली, “हा तं आपल्या शकूसारका वाकडा हाय.”

शकुबाईचा हात वाकडा होता हे खरंच. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडून कोपर मोडलं, गावातल्या गावात बांधलं, आणि ते तसंच जुळलं. लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं की शकुबाईचा डावा वाकडा आहे आणि राणीचा उजवा. इथे विषय संपायला हरकत नव्हती. पण गुरुजींनी गळा साफ केला.

“भुताचं सगळं उलटं असते,” ते म्हणाले. “पाय उलटे असते तं हात काऊन नाई असनार?”

हसणं थांबलं. शकुबाईने फोटो केसरबाईच्या हातून घेतला आणि पाहिला. हात तिने नंतर पाहिला, आधी तिला पेटी दिसली. कोपऱ्यात पोचा पडलेली अॅल्युमिनियमची पेटी. ती तिच्या घरात, खुंटीखाली ठेवलेली होती.

तीन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रात दायांचं शिक्षण झालं. शेवटी प्रत्येकीला पेटी मिळाली: कात्री, ब्लेड, दोरा, साबण, ब्रश. सिस्टर म्हणाल्या, पेटी घेऊन उभा फोटो काढून घ्या, फाइलला लावायचा आहे. शकुबाई नवं पांढरं लुगडं नेसून वडशाला हरिदासच्या स्टुडिओत गेली आणि काळ्या पडद्यापुढे उभी राहिली. एक प्रत हरिदासने परस्पर ऑफिसात पाठवली. आपल्यासाठी एक मागितली तेव्हा हरिदास म्हणाला होता, “बाई, निगेटिव पावसात खराब झाली, तोंडावर बुरशी आली.” तिने पुन्हा पैसे खर्चून काढला नाही. आयुष्यातला आपला एकुलता एक फोटो ती आज पहिल्यांदा पाहत होती, आणि तो असा, भूत म्हणून.

तिने हरिदासकडे पाहिलं. हा काही परका माणूस नव्हता. त्याची बायको सीता माहेरी, याच गावात, पहिल्या बाळंतपणाला आली होती. दोन दिवस अडली होती. पोरगी निळी पडून आली आणि शकुबाईने तोंडाने श्वास भरून तिला रडवली. तेव्हापासून हरिदास चारचौघांत तिला थोरली बहीण म्हणायचा. आता तो सांगेल, आत्ता सांगेल, म्हणून ती थांबली. हरिदास खाली मान घालून बाकीचे फोटो सरळ करत राहिला. “दूर व्हा, दूर व्हा,” तो म्हणाला, “फोटोले हात नोका लावू.”

मग तीच बोलली. “हे राणी-बिनी काई नाई. हे मीच होय.”

सरळ बोलणाऱ्या माणसाला सरळ बोलणंच कधी कधी भोवतं. फोटो माझा आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. गर्दीने ऐकलं ते असं की बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. माणसं एक पाऊल मागे सरकली. पोरांना पदराआड घेतलं गेलं. जिवंतपणी मेलेल्यांत वावरते ती कोण, याचं उत्तर त्या मुलखात एकच असतं, आणि ते मोठ्याने उच्चारायची गरज नसते.

हरिदासने पैसे घेऊन फोटो ज्याचे त्याला दिले, मेज आवरलं आणि पाचच्या बसने तो वडशाला गेला.

पुढचे चार दिवस शकुबाईच्या दारात कोणी आलं नाही. विहिरीवर ती गेली की बाया भरलेल्या बादल्या ओतून टाकत. आपल्या बापजाद्यांनी असं विटाळ म्हणून ओतलेलं पाणी पाहिलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण ते संपलं असं ती समजून चालली होती. पाचव्या दिवशी वारलूच्या बायकोला, रुखमाला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यात शकुबाईने तिचं पोट हाताने तपासलं होतं. पोर आडवं होतं. तेव्हाच तिने वारलूला बजावलं होतं की पहिली कळ आली की बंडी जुंप, मला घे आणि दवाखान्यात चल, हे घरचं काम नाही. ती न बोलावता गेली. वारलूने दार आतून लावून घेतलं.

“वारलू, बंडी जुंप. मी नाई येत, तूच ने. पन ने.”

“तू दारातून जा,” आतून वारलू म्हणाला. “तू हायेस तवरी मी दार उघडनार नाई.”

ती गेली. तरी दार उघडलं नाही. ती कुठे आडोशाला उभी असेल, या भीतीने ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंदच राहिलं. अखेर रुखमा बेशुद्ध झाली तेव्हा बंडी जुंपली. रुखमा वाचली. पोर आधीच गेलं होतं. आणि पोर का गेलं याचा शोध गावाने क्षणात लावला: चेटकिणीने दारावर उभं राहून खाल्लं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की गावाला फांदी तपासावीशी वाटत नाही. रविवारी शाळेच्या पटांगणात बैठक ठरली. शकुबाईला गावाबाहेर काढायचं की आणखी काही करायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि ‘आणखी काही’ म्हणजे काय ते ती जाणून होती. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात एका म्हातारीचे दात दगडाने पाडले होते.

शुक्रवारी ती वडशाला हरिदासच्या स्टुडिओत गेली. सीताने पाणी दिलं, पोरगी येऊन मांडीला बिलगली. हरिदासने दुकानाचं दार लोटून घेतलं.

“बाई, देवाशपथ, मी मुद्दाम नाई केलं,” तो म्हणाला. त्याने काय झालं ते सांगितलं, आणि ते खरं होतं. पावसाळ्यात ओल धरून दोन निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या: एक कोसमगडची, एक तिची. तशाच मशीनमध्ये गेल्या आणि कागदावर दोन्ही उमटल्या. तिच्यामागे काळा पडदा होता, त्यामुळे पडद्याचं काही आलं नाही, नुसतं पांढरं लुगडं दारात उभं राहिलं. तो कागद फेकणार होता. तेवढ्यात वामनराव गुरुजी दुकानात आले आणि म्हणाले, ही तर राणी. “मी नाई नाई म्हनलो. तेवढंच चुकलं. मंग लोक याले लागले.”

“मंग पुढचे चार फोटो बी ओलीनंच चिकटले का?”

 पुढचे चार हरिदासने चिकटपट्टीने चिकटवले होते. शेवटच्या फोटोच्या दोन निगेटिव्ह, गडाची आणि तिची, त्याने तशाच चिकटवलेल्या काढून दाखवल्या. चित्राची बाजू चित्राच्या बाजूला लागली तर फोटो स्वच्छ येतो, म्हणून तिची निगेटिव्ह पालथी ठेवली होती. पालथी ठेवली की डावा हात उजवीकडे जातो. राणीच्या वाकड्या हाताचं रहस्य एवढंच होतं.

“परवा ये आनि हेच सांग,” शकुबाई म्हणाली.

“लोक मले मारतील, बाई. माहा धंदा बुडंल. तू असं कर, तुहा भाऊ बल्लारपूरले कागदाच्या मिलमध्ये हाय ना? चार-सहा महिने जा त्याच्याकडं. लोक भुलून जातील.”

“म्या काऊन जावं? म्या काय केलं?”

 पोरगी शकुबाईची बोटं मोजत होती. मग तो म्हणाला, “येतो. सांगतो. तुह्या उपकाराची जान हाय मले.”

तिने विश्वास ठेवला. पण बाळंतपणाला जाताना ती एका ब्लेडवर कधी विसंबली नव्हती, पेटीत दुसरं असायचंच. परतताना ती आरोग्य केंद्रात उतरली आणि सिस्टरना म्हणाली, माझ्या फाइलीतला फोटो दोन दिवस द्या, सोमवारी आणून देते. सिस्टरनी चिकटवलेला फोटो ओलं बोट फिरवून सोडवला आणि पाकिटात घालून दिला.

रविवारी पटांगणात सगळं गाव होतं. पोलीस पाटील सोमाजी खुर्चीवर, शेजारी गुरुजी, समोर वारलू. बसने हरिदास आला. सोबत सीता होती, पोरगी होती. शकुबाईचा जीव भांड्यात पडला.

“हरिदास,” ती उभी राहून पाटलाजवळचा राणीचा फोटो दाखवत म्हणाली, “या फोटोतली बाई कोन, ते सांग.”

हरिदासने गर्दीकडे पाहिलं. पाच फोटो विकत घेतलेली पाचही घरं पुढे बसली होती. त्यांनी राणीला हळदकुंकू लावलं होतं.

“मले काय माहीत?” हरिदास म्हणाला.

शकुबाईला आधी वाटलं, आपण नीट विचारलं नसेल. तिने पुन्हा विचारलं. “तीन वर्सापयले पेटी घेऊन माहा फोटो काढला होता का नाई तू?”

“दिवसाले पन्नास लोक येतात. मले आठवत नाई.”

 गावाने चेटकीण म्हटलं तेव्हा तिला राग आला होता, भीती वाटली होती. पण असं रिकामं वाटलं नव्हतं. ज्याच्या पोरीला आपण श्वास दिला तो आपला जीव जाताना पाहून ‘आठवत नाही’ म्हणतो, याचं काय करायचं हे तिला कोणत्याच शिक्षणात सांगितलं नव्हतं. तिने पाकीट उघडलं आणि फाइलीतला फोटो सोमाजी पाटलाच्या हातात दिला. तेच लुगडं, तीच पोचा पडलेली पेटी, डावा हात वाकडा, आणि तोंड स्वच्छ, तिचंच. पाठीमागे निळा ठप्पा: हरिदासच्या स्टुडिओचं नाव आणि तारीख.

पाटलाने दोन्ही फोटो मांडीवर शेजारी ठेवले. “हरिदास, ठप्पा तुहा हाय.”

 इथे तरी हरिदास खरं बोलला असता तर माणूस म्हणून वाचला असता. पण आठवडाभर ज्या जिभेने धंदा केला ती आपणहून वळली. “ठप्पा माहा हाय. फोटो काढला असंल. पन पाटील, राणीनं जित्या बाईचं रूप घेतलं असंल तं मी का सांगू? नाईतं या बाईनंच राणीले बांधलं असंल. मी तं बटन दाबनारा.”

वारलू उठून उभा राहिला. मागून आणखी काही जण उठले, कोणाचा हात दगडाकडे गेला. गुरुजी म्हणाले, हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. गुरुजींना त्या दिवसांत सगळेच मुद्दे विचारात घेण्यासारखे वाटत, खरा सोडून.

“थांबा,” शकुबाई म्हणाली.  “सोमाजीभाऊ, मी तुमाले खोकल्यासाठी गडचिरोलीले नेलं होतं. तुमच्या छातीचा एक्स-रे घरी हाय ना? आनि नानाजीभाऊ, तुमी बंडीखाली आले होते, तुमच्या पायाचा? बलवा दोनी.”

एक्स-रेची फिल्म गावात कोणी टाकत नाही; खर्चून आणलेली वस्तू, ती आढ्याला जपून खोचलेली असते. दोन्ही आल्या. शकुबाईने छातीची फिल्म सूर्याकडे धरली. बरगड्या दिसल्या. मग तिने तिच्यावर पायाची फिल्म ठेवली आणि पाटलाला जवळ बोलावलं.

“का दिसते?”

सोमाजी पाटलाने डोळे बारीक केले. “माह्या बरगड्या. आनि मधात हे हाड...”

“माहं हाय ते,” नानाजी पुढे येऊन म्हणाला. “हे पाहा ना, इथी मोडलं होतं.”

“मंग ते माह्या छातीत का करून राह्यलं?”

लोक हसले. मागचे पुढे आले, ओणवे झाले, आळीपाळीने पाहू लागले. पाटलाच्या छातीत नानाजीचा पाय ज्याला त्याला दिसत होता, आणि नानाजी तर दोन पायांवर समोर उभा होता.

“नानाजीभाऊच्या पायाले भूत म्हनता का आता?” शकुबाई म्हणाली. “दोन काचा एकावर एक ठेवल्या, दोन चित्रं एकात दिसली. फोटोची बी अशीच काच असते, निगेटिव. एक गडाची, एक माही. आनि हे पाहा.” तिने छातीची फिल्म पालथी केली. “सोमाजीभाऊ, तुमचं काळीज डावीकडून उजवीकडं गेलं. माहा हात बी असाच गेला. गुरुजी, याच्यात उलट्या पायाचं कोनी आलं नाई. फिल्म पालथी झाली, बस.”

गुरुजींनी फिल्म हातात घेऊन पुन्हा पालथी केली. विज्ञानाच्या तासाला आरशाचा धडा ते स्वतः दरवर्षी शिकवायचे.

“आनि तोंड?” मागून कोणीतरी विचारलं. “राणीले तोंड काऊन नाई?”

उत्तर शकुबाईने दिलं नाही. ते बायांच्या घोळक्यातून आलं. सीता उठली होती, पोरगी तिच्या कडेवर होती.

“निगेटिवले बुरशी लागली, म्हनून तोंड नाई,” ती म्हणाली. “त्याच्या पिशवीत हायेत दोनी, चिकटपट्टीनं चिकटवल्या. परवा बाईले दाखोल्या त्यानं, मी पडद्याआड उभी होती. सांगतो म्हनला होता. मी त्याच्यासाठीच संगं आली, म्हनलं खरं बोलतानी पाहू.” तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. नानाजीने पिशवी उपडी केली. दोन्ही निगेटिव्ह मिळाल्या. पाटलाने त्या उन्हात धरल्या, आणि मग एकेकाने.

त्यानंतर पटांगणात जे झालं ते शकुबाईला सगळ्यात जड गेलं. लोक मोकळे झाले. हसू लागले. गुरुजी म्हणाले, मला पहिल्यापासून शंका होतीच. केसरबाई म्हणाली, मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं की ही शकू आहे. पाच घरांनी हरिदासकडे पैसे मागायला सुरुवात केली. घटकेपूर्वी ज्यांचे हात दगडांकडे गेले होते ते तिला म्हणत होते, चाल, झालं गेलं गंगेला मिळालं. हरिदास वाकून तिच्या पायाशी आला.

“बाई, मी भेलो होतो.”

“हे बी भेले होते,” ती म्हणाली. “पन याईले माहीत नव्हतं. तुले माहीत होतं. आख्ख्या गावात तुले एकट्याले माहीत होतं, हरिदास, का हे खोटं हाय. आनि तू माह्याकडं पाहून चूप राह्यला.” तिने पाय मागे घेतले. “ऊठ. मले आता तुही बहीन नोको म्हनू.”

गर्दी पांगू लागली होती. वारलू मात्र होता तिथेच उभा होता. दोन फिल्म त्याच्या हातात कोणीतरी दिल्या होत्या आणि त्याने त्या उन्हात धरल्याच नव्हत्या.

“मंग माहं पोर काऊन मेलं?” त्याने विचारलं.

 शकुबाईला त्याचा राग होता, तरी त्याच्याकडे पाहून तिला रडू आलं. एखादी गोड थाप मारून त्याला घरी पाठवता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं. पण नशीब म्हणजे राणीचीच धाकटी बहीण, आणि थापांनी त्या गावात पुरे झालं होतं.

“पोर आडवं होतं,” ती म्हणाली. “मी आठव्या महिन्यात हात लावून पाह्यलं आनि तुले सांगलं, पयली कळ आली का दवाखान्यात ने. तिथी वाचलंच असतं असं मी नाई म्हनत. पन वाट होती. तू दीड दिवस दार लावून बसला. कोन्या राणीनं तुहं पोर नाई खाल्लं, वारलू. तू फोटोले भेला, आनि मले विचारलं नाई.”

वारलू खाली बसला. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. मग शकुबाई सगळ्यांकडे वळली.

“तुमी माह्यावर विश्वास ठेवा असं बी मी नाई म्हनत. उद्या मी काई सांगलं तं मले बी विचारा, कशावरून? हरिदासले एकानं विचारलं असतं का दाखव ती काच, कोनी काढली, कवा काढली, तं एवढंच विचारून होत होतं. आख्ख्या मंडईत एकानं नाई विचारलं.”

तिने फाइलीतला फोटो पाकिटात घातला, कारण तो सोमवारी परत द्यायचा होता, आणि वारलूजवळ जाऊन उकिडवी बसली. रुखमाला ताप आहे का, दूध दाटलंय का, असं तिने विचारलं. वारलूने दोन्ही फिल्म खाली ठेवल्या. मग म्हणाला, “ताप हाय. दोन दिवसापासून.”

“आनि तू इथी मले गावातून काढाले आला,” शकुबाई म्हणाली. “ऊठ, बंडी जुंप.”